कर्मवीर भाऊराव पाटील

भाऊराव पायगोंडा पाटील (२२ सप्टेंबर १८८७ – ९ मे १९५९) हे महाराष्ट्रातील शिक्षणप्रसारक, समाजसुधारक आणि रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक होते. ते कर्मवीर या नावाने ओळखले जातात. ग्रामीण भागातील गरीब मुलांना जात, धर्म यांचा भेद न मानता एकत्र ठेवून शिकवणे आणि त्या शिक्षणाचा खर्च मुलांच्याच श्रमांतून भागवणे, हे त्यांच्या कार्याचे प्रमुख वैशिष्ट्य होते. कमवा व शिका या नावाने ही पद्धत पुढे महाराष्ट्रभर परिचित झाली. सध्याचे सातारा व सांगली हे जिल्हे ही त्यांची मुख्य कार्यभूमी होती. भारत सरकारने १९५९ मध्ये पद्मभूषण हा किताब देऊन त्यांचा गौरव केला.

जन्म व बालपण

भाऊरावांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे नाव गंगाबाई. घराण्याचे मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक हे होय. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. भाऊरावांच्या काळात मात्र ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली जिल्हा असे ठेवण्यात आले. त्यामुळे त्यांच्या चरित्रात सातारा जिल्हा म्हणून जो उल्लेख येतो, त्यात कृष्णा व वारणा नद्यांच्या काठचा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच प्रदेश समाविष्ट असतो.

वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून होते. त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे बालपण विटा आणि परिसरातील इतर गावांत गेले. अभ्यासापेक्षा कुस्ती, पोहणे आणि मोकळे हिंडणे यांकडे त्यांचा ओढा अधिक होता. गावातील अस्पृश्य समाजाच्या मुलांत ते मिसळत आणि त्यासाठी घरच्यांचा रोषही पत्करत. सार्वजनिक विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू दिले जात नाही, हे पाहून त्यांनी विहिरीवरचा रहाट मोडून टाकल्याची आठवण त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते.

कोल्हापुरातील शिक्षण

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले. तेथील जैन वसतिगृहात त्यांची राहण्याची सोय झाली होती. या काळात कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडण्याचा उपक्रम हाती घेतला होता. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. त्यांचे कार्य भाऊरावांना विद्यार्थिदशेतच जवळून पाहायला मिळाले.

अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क यांच्या नावाने वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याशिवाय भोजनगृहात येऊ नये, असा जैन वसतिगृहाचा दंडक होता. भाऊरावांनी तो पाळण्यास नकार दिला. तेव्हाचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना वसतिगृहातून काढून टाकले. त्यानंतर शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. पुढील आयुष्यात भाऊरावांनी जी वसतिगृहे काढली, त्यांतील कोणतेही एका जातीसाठी नव्हते. जातवार वसतिगृहांमुळे त्या त्या समाजाला शिक्षणाची वाट मिळाली हे त्यांना मान्य होते, परंतु मुले वेगळी राहिली तर जातीच्या भिंती शाबूत राहतील, असे त्यांचे मत बनले. या मताचे मूळ कोल्हापूरच्या या प्रसंगात शोधले जाते.

शालेय अभ्यासात त्यांची प्रगती बेताची होती. गणिताच्या शिक्षकांनी खुद्द महाराजांची शिफारस येऊनही त्यांना वरच्या वर्गात घातले नाही, अशी आठवण प्रसिद्ध आहे. इंग्रजी सहावीनंतर त्यांचे औपचारिक शिक्षण थांबले. मॅट्रिकही न झालेल्या या विद्यार्थ्याला पन्नास वर्षांनी पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी. लिट. ही पदवी दिली.

डांबर प्रकरण

१९१४ मध्ये कोल्हापुरातील बादशहा सातव्या एडवर्ड यांच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. भाऊरावांना वसतिगृहातून काढून टाकणारे अधीक्षक हेच होते. तरीही खोटी साक्ष देण्याचे त्यांनी नाकारले. त्यामुळे त्यांना अटक झाली आणि कोठडीत हालअपेष्टा सोसाव्या लागल्या. अखेर त्यांची सुटका झाली. शाहू महाराजांविषयीचा त्यांचा आदर या प्रकरणानंतरही कमी झाला नाही. साताऱ्यातील आपल्या मुख्य वसतिगृहाला पुढे महाराजांचेच नाव देण्यात आले.

व्यवसाय व भ्रमंती

शिक्षण सुटल्यानंतर भाऊराव काही काळ साताऱ्यात खासगी शिकवण्या घेत असत. त्यावरून लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. त्यानंतर त्यांनी ओगले यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांसाठी विक्रेता म्हणून काम केले. किर्लोस्करांचा कारखाना १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर उभा राहिला होता. तेच ठिकाण आज किर्लोस्करवाडी म्हणून ओळखले जाते. लाकडी नांगराची सवय असलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर पटवून देण्यासाठी गावोगावी मुक्काम करावा लागे, शेतात उतरून नांगर चालवून दाखवावा लागे आणि चावडीवर बसून शंका फेडाव्या लागत. पुढे साताऱ्याचे उद्योजक धनजीशा कूपर यांच्या लोखंडी नांगरांच्या कारखान्याच्या उभारणीत भाऊरावांचा वाटा होता. त्या उद्योगाच्या उत्पन्नातून बहुजन समाजाच्या शिक्षणाला साहाय्य मिळावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्या बाबतीत मतभेद झाल्यावर ते तेथून बाहेर पडले.

या नोकऱ्यांमधून त्यांना पैसा फारसा मिळाला नसला, तरी जिल्ह्याची तपशीलवार ओळख झाली. कोणत्या गावात शाळा नाही, कोणत्या गावात असूनही कुणब्याची व महाराची पोरे तीत जात नाहीत, सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठे कसे उठतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. रयतेच्या दारिद्र्याचे मूळ अज्ञानात आहे, हा महात्मा जोतीराव फुले यांचा विचार त्यांनी सत्यशोधक समाजाच्या कामातून स्वीकारला होता. फिरतीमुळे त्या विचाराला अनुभवाचा आधार मिळाला. त्या काळी सातारा जिल्ह्याच्या खेड्यांत सत्यशोधक जलसे जोरात होते. गण, गवळण, वग या लोकांच्या ओळखीच्या रूपांतून ते शिक्षणाचा व समतेचा विचार सांगत. लोकांच्या बोलीत, त्यांच्या ओट्यावर बसून बोलण्याची भाऊरावांची पद्धत याच वातावरणात घडली.

रयत शिक्षण संस्थेची स्थापना

१९१० च्या सुमारास भाऊरावांनी काही सहकाऱ्यांच्या साहाय्याने मिरज तालुक्यातील दूधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवण्याचा त्यांचा हा पहिला प्रयत्न होता. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली. तेथेच ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेच्या नावातील रयत हा शब्द शेतात राबणारा, कर भरणारा आणि शिक्षणापासून दूर राहिलेला सर्वसामान्य माणूस या अर्थाने योजलेला आहे. काले येथे वसतिगृह निघाले आणि १९२१ मध्ये वाळवा तालुक्यातील नेर्ले येथे दुसरे सुरू झाले. पारंब्या जमिनीत रुजवून विस्तारणारा वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह, तर स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद ठरले.

१९२१ च्या सुमारास भाऊराव महात्मा गांधींच्या विचारांकडे आकृष्ट झाले आणि त्यांनी खादीचे व्रत घेतले. सत्यशोधक चळवळीतील अनेक कार्यकर्ते त्या वेळी काँग्रेसपासून दूर होते. भाऊरावांनी मात्र फुले, शाहू आणि गांधी यांच्याकडून आपल्या कामाला उपयोगी पडेल ते घेतले आणि कोणत्याही एका पक्षाच्या चौकटीत संस्थेला बसवले नाही.

छत्रपती शाहू बोर्डिंग

१९२४ मध्ये संस्थेचे मुख्य कार्यालय साताऱ्यास हलवण्यात आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. आरंभी थोडीच मुले होती. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशा विविध समाजांतील मुलांनी एका छपराखाली राहावे, एकाच चुलीवर शिजलेले अन्न एका पंगतीत खावे, ही गोष्ट त्या काळी सहज स्वीकारली जाणारी नव्हती. सवर्ण पालक मुलांना परत नेण्याच्या धमक्या देत आणि गावात टीका होई. पुढे धनिणीची बाग या जागेत वसतिगृहाला स्थैर्य लाभले. फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधींनी साताऱ्यास भेट दिली, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. साबरमतीला जे आपल्याला पूर्णपणे साधले नाही ते येथे साधलेले दिसते, अशा आशयाचे कौतुक गांधीजींनी केल्याचे सांगितले जाते. पुढे त्यांनी हरिजन सेवक निधीतून वसतिगृहाला वार्षिक ५०० रुपयांची मदत मिळवून दिली.

वसतिगृहाचा कारभार मुलांच्याच हाती असे. पहाटे उठणे, झाडलोट, पाणी भरणे, जात्यावर दळण, भाकऱ्या थापणे, भाजी चिरणे, भांडी घासणे ही कामे पाळीने वाटली जात. जातीनुसार काम ठरवण्याची गावातील रीत येथे मोडली गेली. ज्याच्या हातचे पाणी गावात चालत नसे, त्याच्या हातची भाकरी येथे सर्वांच्या ताटात पडे. सुट्टीत घरी गेलेल्या मुलांवर गावातील मंडळी प्रश्नांचा भडिमार करीत, क्वचित प्रायश्चित्ताची मागणीही होई. त्यामुळे वसतिगृहातील सहभोजनाचा परिणाम साताऱ्यापुरता मर्यादित न राहता मुलांबरोबर त्यांच्या गावांपर्यंत पोहोचत असे.

लक्ष्मीबाई पाटील

भाऊरावांच्या कार्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा वाटा मोठा आहे. त्या कुंभोजच्या सधन पाटील घराण्यातील होत्या. सोवळेओवळे पाळणाऱ्या वातावरणात त्या वाढल्या होत्या. विवाहानंतर मात्र सर्व जातींच्या मुलांचा सांभाळ त्यांनी स्वतःच्या मुलांप्रमाणे केला. आजारी मुलांची शुश्रूषा करणे, लहान मुलांना न्हाऊमाखू घालणे आणि धान्य संपले की उसनवारी करणे ही कामे त्यांच्याकडे असत. वसतिगृहाचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी माहेरचे दागिने एकेक करून मोडले. एकदा भाऊराव परगावी असताना कोठीत धान्य उरले नव्हते, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्र देऊन मुलांच्या जेवणाची सोय केली. सौभाग्यचिन्ह म्हणून मंगळसूत्राला असलेले महत्त्व लक्षात घेता, त्या काळातील स्त्रीच्या दृष्टीने हा त्याग दागिन्याच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा होता. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्थेच्या नंतरच्या विस्ताराचा कोणताही टप्पा त्यांना पाहता आला नाही. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पाटील यांनीही पुढे संस्थेचे काम केले.

श्रम आणि शिक्षण

भाऊरावांच्या शिक्षणविचारात श्रमाला मध्यवर्ती स्थान होते. त्यामागे दोन कारणे होती. पहिले कारण आर्थिक. श्रीमंतांच्या देणग्यांवर किंवा केवळ सरकारी अनुदानावर अवलंबून राहिल्यास गरिबांचे शिक्षण दुसऱ्याच्या मर्जीवर राहील, असे ते मानत. दुसरे कारण सामाजिक. शिकलेला मुलगा नांगराला हात लावण्यास लाजू लागला, तर त्याचे शिक्षण त्याला गावापासून तोडते, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून वसतिगृहातील व शाळांतील विद्यार्थी शेतीची मशागत करीत, भाजीपाला पिकवीत, दगड फोडीत, माती वाहत, इमारतींच्या कामावर राबत आणि त्या श्रमाचा मोबदला त्यांच्या जेवणाखाणाच्या व शिक्षणाच्या खर्चात वळता होई. अनेक शाखांच्या इमारती व मैदाने विद्यार्थी, शिक्षक आणि गावकरी यांच्या श्रमदानातून तयार झाली.

संस्थेसाठी पैशाबरोबर धान्यही गोळा केले जाई. सुगीच्या दिवसांत भाऊराव, शिक्षक व विद्यार्थी गावोगावी जात. शेतकरी आपल्या खळ्यावरून ज्वारी, बाजरी किंवा शेंगा देत. गृहिणी दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत. रोख रक्कम देण्याची ऐपत नसलेल्यालाही अशा रीतीने संस्थेचा दाता होता येई. ज्या गावाने धान्य दिले, ते गाव संस्थेकडे शाळा मागण्याचा आपला हक्क समजे. संस्थेचा विस्तार ज्या लोकाश्रयावर झाला, त्याचे स्वरूप या व्यवहारावरून स्पष्ट होते.

युनियन बोर्डिंग

सप्टेंबर १९३२ मध्ये महात्मा गांधी व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या सहमतीने पुणे करार झाला. त्याच्या स्मरणार्थ भाऊरावांनी त्याच वर्षी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू केले. सवर्ण व अस्पृश्य विद्यार्थ्यांनी एकत्र राहून शिकावे, हा त्याचा हेतू होता. कराराचे राजकीय मूल्य काहीही ठरो, त्याला रोजच्या व्यवहारात काही आशय असायचा तर तो सहवासातूनच येईल, अशी त्यामागील भूमिका होती.

अध्यापक विद्यालय व व्हॉलंटरी शाळा

खेड्यांत शाळा काढायच्या तर खेड्यांत राहण्यास तयार असलेले शिक्षक हवेत, हे ओळखून भाऊरावांनी १९३५ मध्ये साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाचे ते रौप्यमहोत्सवी वर्ष होते. हीच संस्था पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. रयत शिक्षण संस्थेची नोंदणीही १९३५ मध्येच झाली.

१९३७ मध्ये प्रांतिक सरकार आल्यानंतर खासगी संस्थांनी चालवलेल्या प्राथमिक शाळांना, म्हणजे व्हॉलंटरी शाळांना, उत्तेजन मिळू लागले. भाऊरावांनी ही संधी साधून सरकारी शाळा नसलेल्या वाड्यावस्त्यांवर अशा शाळा उघडण्याची मोहीम हाती घेतली. सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या डोंगररांगांचा आहे. पावसाळ्यात ओढे भरले की तेथील गावांचा संपर्क तुटे. अशा ठिकाणी विद्यालयातून तयार झालेले तरुण पायी जात. शाळेसाठी इमारत नसे. देऊळ, चावडी, एखाद्याची पडवी किंवा गोठ्याची मोकळी बाजू यांतच वर्ग भरे. शिक्षकाची राहण्याची व जेवणाची व्यवस्था गावकरी करीत.

या तरुणांचे काम मुलांना अक्षरओळख करून देण्यापुरते नव्हते. गावातील पत्रे वाचून दाखवणे, अर्ज लिहून देणे, प्रौढांना सही शिकवणे, गावसफाईत पुढाकार घेणे अशी कामे त्यांच्यावर आपोआप येत. त्याच वेळी ते स्वतःही शिकत. सपाटीवरच्या बागाईत गावातून आलेल्या शिक्षकाला डोंगरावरची नाचणी-वऱ्याची शेती, धनगरवाड्यांचे जीवन, ओव्या, भारुडे व जत्रा यांचा परिचय होई. वसतिगृहात निरनिराळ्या जातींच्या मुलांबरोबर राहिल्याची सवय त्यांना येथे उपयोगी पडे. विद्यार्थ्याने गावात जाऊन सेवा करावी आणि गावाकडून शिकावे, ही कल्पना पुढे देशभर रूढ झाली. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. त्याच्या तीस वर्षे आधी साताऱ्याच्या खेड्यांत या कल्पनेचा मोठ्या प्रमाणावर प्रयोग झालेला होता. रयत शिक्षण संस्थेने काढलेल्या व्हॉलंटरी शाळांची संख्या ५७८ वर पोहोचली. कालांतराने या शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे सोपवण्यात आल्या.

माध्यमिक शाळा व महाविद्यालये

१९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. कमवा व शिका या तत्त्वावर चालणारे हे निःशुल्क वसतिगृहयुक्त विद्यालय होते. १९४७ मध्ये साताऱ्यातच छत्रपती शिवाजी महाविद्यालयाची स्थापना झाली आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षणाची पद्धत उच्च शिक्षणापर्यंत नेण्यात आली. मोठी देणगी घेऊन या महाविद्यालयाचे नाव बदलण्याची सूचना भाऊरावांनी तत्काळ धुडकावल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. १९५४ मध्ये कराड येथे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय, तर १९५५ मध्ये साताऱ्यास मौलाना आझाद यांच्या नावाने अध्यापक महाविद्यालय सुरू झाले. स्त्री-शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय काढण्यात आले. भाऊरावांनी आपल्या हयातीत कोणत्याही शाखेला स्वतःचे नाव दिले नाही.

अनुदानाचा प्रश्न

महात्मा गांधींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. याच सुमारास, १९४८ मध्ये, त्यांनी सरकारवर जाहीर टीका केल्याच्या कारणावरून तत्कालीन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. संस्थेपुढे हा अस्तित्वाचा प्रश्न होता. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे जेवण या रकमेवर अवलंबून होते. भाऊरावांनी माफी मागितली नाही. शिक्षकांनी पगाराविना काम चालू ठेवले, विद्यार्थ्यांनी श्रम वाढवले आणि गावोगावच्या लोकांनी धान्य व पैसा दिला. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे संस्थेची बाजू मांडल्याचे सांगितले जाते. अखेर अनुदान पुन्हा सुरू झाले.

या प्रसंगाने स्वावलंबनाच्या तत्त्वाची कसोटी लागली. संस्था केवळ श्रमावर आणि लोकवर्गणीवर चालू शकत नव्हती, हे यातून दिसले. तितकेच हेही दिसले की, लोकांचा आधार असल्यामुळे ती सरकारी रोषात मोडून पडली नाही.

सन्मान व निधन

लोकांनी दिलेली कर्मवीर ही पदवी भाऊरावांच्या नावाशी कायमची जोडली गेली. २६ जानेवारी १९५९ रोजी त्यांना पद्मभूषण किताब जाहीर झाला. ५ एप्रिल १९५९ रोजी पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी. लिट. पदवी दिली. त्या वेळी त्यांची प्रकृती ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. त्यांच्या निधनापर्यंत संस्थेने ३८ वसतिगृहे, १०८ माध्यमिक शाळा, ६ अध्यापक विद्यालये आणि ३ महाविद्यालये उभारली होती.

मूल्यमापन व वारसा

भाऊरावांनी शिक्षणावर ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे विचार त्यांच्या संस्थांच्या रचनेतून आणि विद्यार्थ्यांच्या आठवणींतून कळतात. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. असंख्य विद्यार्थी प्राथमिक व माध्यमिक शिक्षक म्हणून खेड्यांतच राहिले. यश मोजताना बहुधा पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्यांची नावे घेतली जातात. तथापि भाऊरावांच्या मूळ उद्दिष्टाच्या दृष्टीने दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांचे काम अधिक महत्त्वाचे ठरते.

त्यांच्या पद्धतीवर काही आक्षेपही घेतले जातात. गरीब विद्यार्थ्याला अभ्यासाच्या वेळेतील मोठा भाग श्रमात घालवावा लागतो, तर सधन घरच्या विद्यार्थ्याला तो पूर्ण वेळ अभ्यासासाठी मिळतो, हा त्यांतील प्रमुख आक्षेप होय. मुलींच्या शिक्षणाचे प्रमाण संस्थेच्या पहिल्या कालखंडात कमी होते, हेही नमूद केले जाते. अनुदानित शिक्षण सार्वत्रिक झाल्यानंतर श्रमाची सक्ती हळूहळू कमी झाली आणि कमवा व शिका ही गरजू विद्यार्थ्यांसाठीची ऐच्छिक योजना बनली. त्यामुळे सर्वांनी मिळून श्रम करण्याचा, म्हणजेच जातीने ठरवलेली कामे मोडून काढण्याचा मूळ उद्देश मागे पडला, असे काही अभ्यासकांना वाटते.

रयत शिक्षण संस्थेच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना भाऊरावांच्या नावाने चालते. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे त्यांच्या नावाचे महाविद्यालय असून साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले आहे. १९८८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. २२ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस संस्थेच्या शाखांत कर्मवीर जयंती म्हणून साजरा होतो. त्या दिवशी अनेक गावांत विद्यार्थ्यांची मिरवणूक निघते आणि सातारा, सांगली परिसरातील जुने विद्यार्थी आपापल्या शाळेत एकत्र येतात.